एमएच-१९ वर नो-पार्किंगचं चलान: ५०० भरायचे की कोर्टात जायचं?

नमस्कार मंडळी,
वडिलांच्या नावावरच्या गाडीवर ई-चलान दिसतंय. जळगाव, नवीपेठ, नो पार्किंग, ५०० रुपये. गाडी तिथे उभी होती हे कबूल. पण चालवणारा म्हणतो फलक कुठेच नव्हता, आणि तो गाडीतच बसलेला होता. वडील सत्तरीचे, मी सातासमुद्रापार. गावाकडून एकच सल्ला येतोय: 'पैसा भरी टाक भाऊ, कोर्टनी पायरी कोन चढी?' जाणकारांनी सांगावं.
— पारोळेकर

---

पारोळेकर भाऊ,
आधी फोटो बघा. तो बघितल्याशिवाय 'भर' म्हणणाऱ्याचंही ऐकू नका आणि 'लढ' म्हणणाऱ्याचंही. महाट्रॅफिकच्या (राज्याच्या वाहतूक पोलिसांच्या ई-चलान) साइटवर गाडीचा नंबर आणि चासी किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार अंक टाकले की चलान उघडतं, पुराव्याचा फोटो त्याच्यासोबतच असतो. आरसी बुक वडिलांपाशी असेल, तिथून अंक मागवा.

सगळ्यात आधी नंबर प्लेट मोठी करून वाचा. १ चा ७ झाला, ३ चा ८ झाला, की दुसऱ्याच गाडीचं चलान आपल्या माथी येतं. हा दोष असेल तर प्रकरण तक्रारीतच मिटायला हवं, कोर्टाचं नावही काढू नका. मग फलक. निळा गोल, लाल कड आणि एकच तिरपी लाल रेघ म्हणजे पार्किंगला मनाई. दोन रेघांची फुली असेल तर थांबायलाच मनाई, आणि मग चालक आत बसलेला होता हे सांगून काही साधत नाही. बाजारपेठेत सम-विषम तारखांचं पार्किंगही असतं, म्हणून फोटोवरची तारीख आणि गाडी रस्त्याच्या कोणत्या बाजूला आहे तेही ताडून बघा.

चालक गाडीत होता एवढ्याने सुटका नाही. २०१७ च्या वाहनचालन विनियमांत पार्किंगची व्याख्या दिली आहे: माणसं किंवा माल लगेच चढवण्या-उतरवण्यासाठी तीन मिनिटांपर्यंत थांबलं तर ते पार्किंग नाही. फोटो एकच असेल तर गाडी किती वेळ उभी होती हे त्यातून कळत नाही. दोन असतील आणि वेळांत दहा मिनिटांचं अंतर असेल, तर हा मुद्दा विसरा.

शेवटी कलम बघा. साधं नो पार्किंग मोटार वाहन कायद्याच्या कलम १७७ मध्ये येतं: पहिल्या वेळी ५०० पर्यंत, पुढच्या वेळी १५०० पर्यंत. १७९ लावलं असेल, म्हणजे हवालदाराने सांगूनही ऐकलं नाही असं म्हणणं असेल, तर दंड २००० पर्यंत जातो आणि प्रकरणाचा रंगच बदलतो.
— अमळनेरची ताई (वकील)

---

ताईंनी फलकाचं सांगितलं, पण फलक नसला म्हणजे कुठेही गाडी लावायला मोकळीक, असा समज कुणी करून घेऊ नये. फुटपाथ, झेब्रा पट्टे, चौकाचं तोंड, बसथांबा, दवाखान्याचं गेट, दुसऱ्याचं प्रवेशद्वार अडेल अशी जागा, इथे विनियमांनीच मनाई आहे, फलक असो वा नसो. पारोळेकर, गाडी चौकापासून किती लांब होती? उत्तर 'कोपऱ्यावरच' असेल तर मुकाट्याने ५०० भरा.

आणि एक, भाऊ. चलान कळवणारा मेसेज म्हणून एपीके फाइल (उघडली की फोनमध्ये ॲप बसवणारी) आली तर ती उघडू नका. 'आरटीओ चलान' नावाच्या अशा फाइलींनी लोकांची बँक खाती रिकामी झाली आहेत. पत्ता जीओव्ही डॉट इन ने संपतो ना, तेवढं बघा. वडिलांना आजच फोन करून सांगा, उद्यावर ठेवू नका.
— चोपडेकर काका

---

चोपडेकर काका, बरोबर. आता कोर्टाचं सांगते.

भरलं म्हणजे तडजोड झाली, प्रकरण तिथेच संपलं. म्हणून तक्रार करायची असेल तर पैसे भरण्याआधी, त्याच साइटवरच्या तक्रारीच्या सोयीतून. 'अन्याय झाला' असं लिहू नका. 'या ठिकाणी दोन्ही बाजूंनी फलक नाही' असं लिहा आणि त्याच जागेचे लांबून व जवळून काढलेले फोटो जोडा, दुकानांच्या पाट्या दिसतील असे. चलानाच्या तारखेला लागून काढलेले असतील तर उत्तम. महिनाभराने काढलेल्या फोटोला कुणीही विचारेल, 'तेव्हा फलक होता, नंतर पडला असेल तर?'

तक्रार फेटाळली आणि भरायचंही नसलं, तर प्रकरण प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे जातं. व्हर्च्युअल कोर्टात (ऑनलाइन चालणाऱ्या कोर्टात) ते दिसायला लागलं की दोन वाटा असतात, भरणं किंवा लढणं. लढणं निवडलं की ते स्थानिक कोर्टाकडे वर्ग होतं. तिथे 'गुन्हा कबूल नाही' म्हणायचं. चलान करणाऱ्या पोलिसाला साक्षीला यावं लागतं, फोटोसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. ते नसलं तर फोटोचा जोर जातो. वडिलांना दर तारखेला जायची गरज नाही. वकीलपत्र द्या, हजेरीतून सूट मागा (नागरिक सुरक्षा संहितेचं कलम २२८).

आता हिशेब. १७७ मध्ये पहिल्याच वेळचा दंड ५०० च्या वर जात नाही. म्हणजे हरलात तरी दंडात नुकसान नाही, नुकसान आहे वकिलाच्या फीचं आणि तारखांचं. एका तारखेची फीही ५०० मध्ये बसत नाही. लढायला अर्थ आहे तो १५०० चं, १७९ चं किंवा चुकीच्या नंबरचं चलान असेल आणि तक्रारीत दाद मिळाली नसेल तर.

फक्त दंडाची शिक्षा असलेल्या गुन्ह्याची कोर्टाने दखल घेण्याची मुदत सहा महिने आहे (त्याच संहितेचं कलम ५१४). त्या भरवशावर कुणी चलान न भरता पडून राहू देतात. पण विलंब माफ करण्याचा अधिकार कोर्टाला आहे, आणि नोंद साइटवरून आपोआप पुसली जात नाही. गाडी विकताना, नाव बदलताना ती आडवी येते. लोकअदालतीत घ्यायचं म्हटलं तरी तडजोड दोघांच्या संमतीने होते आणि मग अपील नाही. तिथे सवलत मिळेलच असं धरून थांबू नका.
— अमळनेरची ताई

---

ताई, काका, आभार. फोटो उघडला. एकच आहे, वेळ दुपारी १२:४०. नंबर बरोबर. कलम १७७, पहिलीच वेळ. आणि फलक आहे! केळीच्या हातगाडीमागे, केळीच्या फण्यांवर वरचा अर्धा भाग डोकावतोय. निळं आणि लाल, एकच रेघ. चालकाला दिसला नाही हे खरं असू शकतं. चौकापासून तीन दुकानं सोडून.
— पारोळेकर

---

भाऊ, तुमच्याच पुराव्यात फलक आहे, म्हणून 'फलक नव्हता' असं लिहायचं नाही. खोटं ठराल. 'फलक झाकला गेल्यामुळे चालकाला दिसला नाही' इतकंच लिहून तक्रार टाका, हाच फोटो जोडा. मान्य झाली तर बरंच. फेटाळली की त्याच दिवशी ५०० भरा, पावती वडिलांच्या आणि तुमच्या दोघांच्या फोनमध्ये ठेवा. यासाठी कोर्टात जाऊ नका. आणि आरसीवरचा मोबाइल नंबर बघा. तो तुमचा जुना बंद झालेला असेल तर पुढचं चलानही असंच उशिरा कळेल. वडिलांचा चालू नंबर जोडून घ्या.
— अमळनेरची ताई