लंडनजवळ किंग्ज लँगली ते हेमेल: कालव्याकाठच्या कागद गिरण्या, बाबांना काय दाखवू?

वॉटफर्डकर
आईबाबा पुढच्या महिन्यात येताहेत. बाबांनी रायगडातल्या एका कागद गिरणीत मशीनवर ३१ वर्षं काढली. लंडन आय, राजवाडा असलं काही त्यांना नकोय. फोनवर म्हणाले, "फोर्ड्रिनियर मशीन तुझ्या घराजवळच सुरू झालं म्हणे, ते दाखव." मी गप्पच. सात वर्षं दर रविवारी त्याच कालव्याकाठी पळतोय, पण माझ्या लक्षात राहिलेत ते फक्त हंस आणि ओव्हल्टीनच्या जुन्या कारखान्याची दर्शनी भिंत.

तिथे आता पाहण्यासारखं काय उरलंय? आणि एक कोडं आहे. ही गेड नदी म्हणजे आपल्याकडचा ओढा. ठिकठिकाणी जेमतेम गुडघाभर पाणी. हिच्यावर एवढ्या गिरण्या चालल्या तरी कशा? बाबांचा उजवा गुडघा दुखतो, तेव्हा फार चालणं नको.

नावाडी
मी अॅप्सलीला कालव्यालगतच राहतो. जिथे राहतो तिथे पूर्वी गिरणीच होती.

बाबांनी वाचलं ते खरं आहे. लांबच लांब सलग कागद काढणारं यंत्र फ्रान्समध्ये लुई-निकोलस रॉबेर या कारकुनाने शोधलं. ते इंग्लंडला आलं, ब्रायन डाँकिनने सुधारलं आणि १८०३ साली फ्रॉगमोर गिरणीत चालू झालं. पैसा लंडनच्या फोर्ड्रिनियर बंधूंचा. त्यांचं दिवाळं निघालं, नाव मात्र यंत्राला चिकटलं ते चिकटलंच. १८४० मध्ये संसदेने ७,००० पौंड देऊन थोडी भरपाई केली, पण बैल गेला नि झोपा केला.

फ्रॉगमोर अजून उभी आहे. अॅप्सली स्टेशनपासून जवळ आहे. मूळ यंत्र तिथे नाही, हे बाबांना आधीच सांगा. कुठल्या दिवशी उघडी असते ते बघूनच जा.

नंतर आला जॉन डिकिन्सन. १८०९ मध्ये त्याने अॅप्सलीची गिरणी घेतली, मग नॅश मिल, पुढे होम पार्क आणि क्रॉक्सली. त्याचं यंत्र वेगळं होतं. फोर्ड्रिनियरसारखा जाळीचा पट्टा नव्हे, जाळीचा दंडगोल लगद्यात फिरायचा. बाबा ऐकताच म्हणतील, "म्हणजे पुठ्ठ्याचं मोल्ड मशीन!"

आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. कालवा आधी वेगळ्या मार्गाने जायचा आणि नदीचं पाणी ओढून घ्यायचा. खाली डिकिन्सनच्या चाकांना पाणी कमी पडू लागलं. भांडण वाढलं आणि शेवटी १८१९ मध्ये कालवाच वळवून गेडच्या खोऱ्यात, गिरण्यांच्या दारातून नेला. म्हणून आज काही ठिकाणी नदी नि कालवा एकाच पात्रात आहेत. तुम्ही पळता ती वाट अशी एका पाण्याच्या तंट्यातून निघाली आहे! डिकिन्सनचं दुहेरी भलं झालं. कोळसा नावेने दारात, कागद नावेने लंडनला.

क्रॉक्सलीला जाऊ नका. ती १९८० ला बंद पडली, तिथे आता घरं आहेत. नॅश मिलचंही तेच. आमचंही तेच, म्हणा.

खडूमास्तर
ओढ्याचं उत्तर जमिनीत आहे. इथल्या चिल्टर्नच्या टेकड्या खडूच्या. पाऊस वरून वाहून न जाता त्यात मुरतो आणि झऱ्यांतून सावकाश बाहेर येतो. त्यामुळे नदी लहान, पण सहसा पूरही नाही नि खडखडाटही नाही. आपल्या काळ्या कातळावर जुलैत लोंढा आणि एप्रिलमध्ये डबकी, तिथे बारमाही चाक फिरवायचं तर आधी बंधारा हवा.

शिवाय पाणी नितळ. लगदा धुवायला गढूळ पाणी चालत नाही, पांढरा कागद मळकट निघतो. याच पाण्यावर इथे जलहालिमाचे (वॉटरक्रेस, पाण्यातली पालेभाजी) वाफेही व्हायचे.

मुंढवेकर
मुंढव्याची कागद गिरणी १८८५ ची, मुळा-मुठेच्या काठी. पाणी पाहून जागा निवडायची, हे सगळीकडे सारखंच. (आजच्या मुळा-मुठेत लगदा धुवायची कल्पनासुद्धा नको.)

वॉटफर्डकर
सगळ्यांचे आभार. आईबाबा आलेत, काल बाबांना घेऊन जाऊन आलो. अॅप्सलीपर्यंत ट्रेन, पुढे हळूहळू. बाबांना फोर्ड्रिनियर हे माणसांचं आडनाव आहे हेच माहीत नव्हतं. दिवाळ्याची गोष्ट ऐकून वाटेत दोनदा "अरेरे" म्हणाले, जणू शेजारच्या घरचं काही कळलंय.

फ्रॉगमोरमध्ये हाताने कागद काढू देतात. मला वाटलं, बाबा सगळ्यांना शिकवतील. पण ३१ वर्षांत त्यांनी हाताने एकही ताव काढला नव्हता! साचा लगद्यात बुडवून उचलला, तो एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला जाळी दिसतेय. स्वतःच म्हणाले, "रिजेक्ट." तिसऱ्या खेपेला जमलं.

तो ताव सध्या आमच्या रेडिएटरवर वाळतोय. आई त्यावर मोजे टाकेल म्हणून बाबा शेजारी खुर्ची घेऊन बसलेत.