कम्युनिटी कॉलेज म्हणजे 'उरलेल्यांची सोय'?

क्युपर्टिनोची आई: कालच्या फीच्या चर्चेत एकांनी लिहिलं, 'कम्युनिटी कॉलेज म्हणजे ज्यांना कुठेच घेत नाहीत त्यांची सोय.' रात्रभर ते डोक्यातून गेलं नाही. माझी लेक डी अँझाला होती, म्हणजे इथल्या दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजात. कॅलिफोर्नियाच्या रहिवाशाला क्वार्टरच्या (तिमाही सत्राच्या) एका युनिटला, म्हणजे क्रेडिटला, ३१ डॉलर. दोन वर्षांची ९० युनिट्स धरा, तीन हजारही होत नाहीत. यूसीची (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाची) ट्यूशन आणि फी मिळूनच वर्षाला चौदा हजारांच्या वर, राहणं-जेवण वेगळंच. टॅग करून, म्हणजे ठरलेले विषय आणि मार्क मिळवले की यूसीत प्रवेशाची जी हमी मिळते ती घेऊन, ती यूसीच्या डेव्हिस कॅम्पसला गेली. डिग्रीवर डेव्हिसचंच नाव आहे. पण दोन वर्षं मंडळाच्या गणपतीत बायका आवाज खाली आणून मला विचारायच्या, 'मग आता पुढे काय?'

फ्रीमाँटकर: ते वाक्य माझंच. ताई, टॅगची हमी सहाच कॅम्पसची. बर्कली, लॉस एंजेलिस, सॅन डिएगो त्यात नाहीत. आमच्या जवळच्या कॉलेजात मुलाला फिजिक्सच्या वर्गात जागाच मिळाली नाही. पुढचे विषय त्यावर अडलेले, वर्ष गेलं. ते वर्ष आणि उशिरा लागलेली नोकरी कोण मोजणार?

जुना डिप्लोमावाला: हीच भाषा आम्ही ऐकली. दहावीनंतर पॉलिटेक्निक, मग थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनीअरिंग. वडील एसटीत कंडक्टर, बारावीचे क्लास परवडणारे नव्हते. वर्गात आम्ही कायम 'ते डिप्लोमावाले'.

सांगलीकर: एम-थ्रीचं, दुसऱ्या वर्षाच्या गणिताचं, पण सांगा की. पहिल्या वर्षाचं गणित झालेलं नसतं. माझे तीन मित्र तिथेच अडकले.

जुना डिप्लोमावाला: मीही अडकलो, दोनदा. आणि वर्कशॉपमध्ये मशीनवर घडवायचा जॉब बिघडला की बारावीवाले कुणाकडे यायचे? ते नाही आठवत तुम्हाला!

सांगलीकर: लेथ चालवता आला म्हणून गणित सुटत नाही.

क्युपर्टिनोची आई: अहो, धागा डिप्लोमाचा नाही!

जुना डिप्लोमावाला: नाही कसा? तुमच्याशी आवाज खाली आणून बोलणारे आणि आम्हाला वेगळं काढणारे एकाच जातकुळीचे.

फ्रीमाँटकर: बरं, 'उरलेल्यांची' हा शब्द मागे घेतो. मुलाच्या त्या वर्षाचा राग होता. पण स्वस्त म्हणाल तर विषय वेळेवर मिळाले तरच, यावर मी ठाम आहे. धाकटी अकरावीत आहे. ताई, असिस्टवर, म्हणजे कॉलेजचा कुठला विषय यूसीत धरला जातो ते दाखवणाऱ्या साइटवर, विषय तुम्ही पहिल्याच क्वार्टरला जुळवून घेतले होते का?