कैद्यांचा आत्मसन्मान वाढवायचा की आधी भावना ओळखायला शिकवायचं?

निशिगंध:
तुरुंगातल्या सुधारणा कार्यक्रमात सगळा जोर आत्मसन्मान वाढवण्यावर असतो, भाषण, सर्टिफिकेट, टाळ्या. माझ्या मते हा क्रमच उलटा आहे. मी काही काळ आत गटसत्रं घ्यायला जायचे, तिथे एक पोरगा होता, मुलाखतीच्या दिवशी त्याची आई आली नाही आणि संध्याकाळी कोणीतरी रांगेतली त्याची बादली मागे सरकवली एवढ्यावरून त्याने समोरच्याचं डोकं फोडलं. काय वाटलं विचारलं तर म्हणे राग आला. आई आली नाही तेव्हा? तेव्हापण राग. मग अंगात कुठे काय होत होतं असं खोदून विचारलं तर बऱ्याच वेळाने म्हणाला, गळा दाटला होता. म्हणजे रडू येत होतं आणि ते त्याचं त्यालाच कळलं नव्हतं! स्वतःच्या भावना न ओळखता येण्याच्या या अडचणीला मानसोपचारतज्ज्ञ पीटर सिफनिओस यांनी १९७० च्या दशकात अ‍ॅलेक्सिथिमिया असं नाव दिलं. ज्याला आत काय चाललंय तेच समजत नाही त्याने स्वतःबद्दल काय मत बनवायचं, ते मग कोर्ट, पोलीस आणि बराकीतला दादा बनवतात.

परखड:
आणि ज्याचं डोकं फुटलं त्याचं काय? तुमच्या अख्ख्या पोस्टमध्ये तो एका ओळीत येऊन गेला. वाईट खूप जणांना वाटतं, सगळे डोकी फोडत नाहीत. साइक्स आणि मात्झा या समाजशास्त्रज्ञांनी १९५७ मध्येच दाखवलंय की गुन्हा करणारा माणूस मनाची समजूत घालतो, माझ्यावर वेळच तशी आली, त्याला फारसं लागलंच नाही, तो त्याच लायकीचा होता, असे पाच प्रकार त्यांनी सांगितलेत. आता तुम्ही सहावा हातात देताय, की मला माझ्या भावना कळत नव्हत्या.

निशिगंध:
समजूत घालणं थांबवायचं असेल तर आधी टोचणी लागायला हवी ना, आणि ती टोचणी आहे हे त्याला कळायलाही हवं. मानसशास्त्रज्ञ जून टँगनी यांनी कैद्यांचा सुटकेनंतरही पाठपुरावा केला होता, "मी वाईट काम केलं" असं ज्यांना वाटायचं ते पुन्हा गुन्ह्याकडे कमी वळले. "मी माणूसच वाईट" अशी लाज वाटणाऱ्यांचं तसं नव्हतं, त्यातले जे दोष दुसऱ्यावर ढकलायचे ते पुन्हा गुन्ह्याकडे जास्त वळले. म्हणजे तुम्हाला जी जबाबदारीची जाणीव हवीये तिचा रस्ता इथूनच जातो. आणि नुसतं "तू ग्रेट आहेस" सांगण्याला माझाही विरोधच आहे. मानसशास्त्रज्ञ बाउमायस्टर आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये मांडलंय की स्वतःबद्दलच्या फुगलेल्या कल्पनेला धक्का बसला की माणूस हिंसक व्हायची शक्यता वाढते.

आत_राहिलेला:
मी आत राहून आलोय म्हणून लिहितो. निशिगंध ताई, तुमचा हेतू चांगला आहे पण तुम्ही संध्याकाळी घरी जायच्या, आम्ही त्याच बराकीत परत. सत्रात कोण रडला हे रात्रीपर्यंत सगळ्यांना माहीत झालेलं असायचं आणि मग त्याचं जेवण ओढून घ्यायचे, त्याला कामं सांगायचे. समाजशास्त्रज्ञ गॉफमन यांनी १९६१ मध्ये लिहिलंय की तुरुंगासारख्या बंदिस्त संस्थेत माणूस शिरला की त्याचे कपडे, वस्तू, एकांत काढून घेतात आणि त्याची जुनी ओळख मोडते, ते अगदी खरं आहे. त्यानंतर उरतो तो फक्त कडक चेहरा, तोपण काढ म्हणायचं आणि वर संरक्षण काहीच द्यायचं नाही हे मला मान्य नाही. मला सगळं कळत होतं हो. तरी घरी प्रत्येक पत्रात एकच लिहायचो, मी ठीक आहे.

परखड:
हे पटलं. शिवाय मोजणार कसं? अ‍ॅलेक्सिथिमिया मोजायची टोरांटो स्केल ही प्रश्नावली म्हणजे २० वाक्यं, किती लागू पडतं ते कैद्याने स्वतः सांगायचं. ज्याला भावना ओळखता येत नाहीत त्यालाच विचारायचं की ओळखता येतात का, आणि त्यात पॅरोलवर डोळा असेल तर सोयीचंच उत्तर येणार.

निशिगंध:
म्हणून फॉर्मवर विसंबू नका, मारामाऱ्यांच्या नोंदी बघा, सोबत राहणाऱ्यांशी बोला. आणि दादा, एकेकट्याशी बोलायची सोय केली तर?

आत_राहिलेला:
चालेल, पण दार बंद हवं आणि बाहेर उभ्या असलेल्या शिपायाला ऐकू जायला नको. पॅरोलच्या कागदात यातलं काय जाणार तेही पहिल्याच दिवशी लेखी द्या, नाहीतर समोरचा तुम्हाला हवं तेच ऐकवेल.