पँट्रीच्या रांगेत किंवा टेबलामागे: तुमचे अनुभव लिहा

गेली चार वर्षं मी दर शनिवारी आमच्या भागातल्या फूड पँट्रीत, म्हणजे गरजूंना फुकट सामान देतात तिथे, मदतीला जातेय आणि अजूनही लोक विचारतात, म्हणजे तुम्ही जेवण वाढता का? नाही हो. आमच्याकडे कोरडा शिधा, डबाबंद वस्तू, जमलं तर थोडी भाजी-फळं, झालंच तर साबण, डायपर. फूड बँक आणि पँट्रीतही घोळ होतो. बँक म्हणजे मोठं गोदाम, तिथे कारखान्यांकडून, दुकानांकडून माल येतो आणि पुढे आमच्यासारख्या छोट्या पँट्र्यांना जातो, घरी नेणारा माणूस भेटतो तो पँट्रीत. असो. घेतलं असेल, दिलं असेल, नुसतं दारातून परत फिरला असाल तरी लिहा. नावगाव नको.

*

दारातून परत फिरलेला मीच. दोनदा. नोकरी जाऊन तिसरा महिना होता, आणि भाडं काही चुकवता येत नाही त्यामुळे काटछाट होते ती खाण्यातच. तिसऱ्यांदा आत गेलो तेव्हा का आलोय, किती दिवस लागेल असं सगळं भाषण पाठ करून गेलो होतो. टेबलामागच्या काकूंनी विचारलं काय, तर "पिशवी आणलीय का, की देऊ?" घरात माणसं किती तेवढं लिहून घेतलं आणि म्हणाल्या, ह्या शेल्फावरचं काहीही दोन, त्या शेल्फावरचं तीन, तुम्हीच बघून घ्या. मी दोन डब्यांतला कुठला घ्यावा ह्यात चांगली पाच मिनिटं घालवली. कितीतरी आठवड्यांत मी काही निवडलंच नव्हतं ना, सगळ्यात स्वस्त असेल ते उचलायचं एवढंच चाललेलं.

*

निवडीला +१. आमच्याकडे आधी बांधलेल्या पिशव्याच द्यायचे. मला डायबेटिस, आणि पिशवीत निम्मा माल गोड. फुकट मिळतंय आणि वर नखरे कसले म्हणून गप्प बसायचे. मग कोणीतरी दाराशी एक रिकामा खोका ठेवला, "नको असलेलं इथे ठेवा" असं लिहून, आणि दुपारपर्यंत तो भरून वाहायला लागला, दर आठवड्याला. तो खोका बघूनच त्यांनी पिशव्या बांधणं बंद केलं आणि शेल्फं लावली.

*

मी मागच्या खोलीत, सॉर्टिंगला. लोक काय काय देतात ते सांगत बसलो तर रात्र जाईल, रबरबँड लावलेलं अर्धं पाकीटसुद्धा येतं. तारखेवरून रोज वाद म्हणून तेवढं लिहितो. 'बेस्ट बिफोर' उलटली म्हणजे माल खराब झाला असं नसतं, ती चवीची, दर्जाची तारीख. 'यूज बाय' मात्र पाळायचीच. आणि बाळाच्या दुधाच्या पावडरला अजिबात सूट नाही, तारीख गेली की टाकायची, कितीही जीव तुटला तरी. डबा बाजूने जरासा चेपलेला चालतो, पण शिवणीवर चेपलाय, गळतोय किंवा फुगलाय तर सरळ बाद. बोट्युलिझम ही अशा डब्यांतून होणारी जीवघेणी विषबाधा, आणि तिचं विष वासाने ओळखू येत नाही. एकदा एकाने ऐकवलं, "गरजू आहेत ना, मग एवढं काय बघता?" मी तो फुगलेला डबा त्याच्यापुढे धरला, म्हटलं तुम्ही खाता का?

*

डबे मिळाले पण ओपनर नव्हता. तेव्हा आम्ही तिघं एका खोलीत, शेगडी नाही, नुसती विजेची किटली. सुरीने उघडायला गेले आणि अंगठा चिरला. पुढच्या खेपेला लाजत लाजत सांगितलं तर तिथल्या पोराने स्वतःच्या बॅगेतला ओपनर काढून दिला आणि वहीत आमच्या नंबरापुढे लिहिलं, "फक्त किटली". त्यानंतर आमची पिशवी वेगळीच निघायला लागली, गरम पाणी ओतलं की होणारं सगळं.

*

ओपनरवरून आठवलं. मी एका आजोबांकडे घरपोच पिशवी नेतो. एकदा ओट्यावर बघितलं तर मागच्या तीन खेपांच्या बरण्या तशाच. बोटं वळत नाहीत म्हणून झाकणं उघडत नव्हती आणि सांगणार कोणाला. आता जातो तेव्हा सगळी झाकणं सैल करून ठेवतो. कामाला दोन मिनिटं लागतात, पण निघायला अर्धा तास होतो, कारण त्यांना आठवडाभराचं बोलायचं असतं.

*

सगळे गोड लिहिताय तर एक कडू. एका ठिकाणी पिशवी हातात धरून फोटो काढायला लावला, देणगीदारांना दाखवायला म्हणे. लेक शेजारी उभी. तो फोटो तिच्या शाळेतल्या मुलींपर्यंत पोचला. परत तिथे पाय ठेवला नाही, त्या महिन्यात मी एक वेळचं जेवले. नाव लिहीत नाही, पण फोटो काढणाऱ्यांनी आधी विचारायला काय जातं?

*

वाचून वाईट वाटलं. आमच्या पँट्रीत फोटोला बंदीच आहे. मी तिथला हिशोब बघतो, म्हणून नेहमीच्या प्रश्नाबद्दल, सामान द्यावं की पैसे? माझं ऐकाल तर पैसे. फूड बँकेची सुरुवात 1967 ची, अमेरिकेत फिनिक्सला, जॉन व्हॅन हेंगल ह्यांनी केलेली. दुकानांच्या कचऱ्यातून पोरांसाठी धड अन्न वेचणाऱ्या एका आईने त्यांना सुचवलं होतं की पैशाची बँक असते तशी अन्नाची पण हवी. म्हणजे मुळात वाया जाणारंच वाचवायचं होतं, आणि ते आजही चालू आहे, फ्रान्समध्ये तर 2016 पासून मोठ्या सुपरमार्केटांना न खपलेलं चांगलं अन्न नासवून टाकायला कायद्याने मनाई आहे. पण वाचलेला माल आपल्याला हवा तोच येईल असं थोडंच असतं. एका महिन्यात आमच्याकडे एकाच सॉसचे चाळीस खोके आले आणि डायपर एक नाही. असली भोकं पैशानेच बुजतात, आणि घाऊक घेतलं की तेवढ्याच पैशात जास्त येतं.

*

धागा मीच काढला आणि मलाच कामं लागली. आमच्याकडे ओपनर आहेत, पण ते कपाटात, मागितला तर देतो, आणि चार वर्षांत एकानेही मागितलेला नाही. शनिवारी काढून शेल्फावर ठेवते, डब्यांच्या शेजारी. अजून असं काही असेल तर येऊ द्या.