एकजूट, ऐक्य की एकी?

पर्वतीपायथा : १ मेच्या संयुक्त पत्रकाचं इंग्रजीतून मराठी करतोय. पुण्यातल्या डाव्या संघटना आहेत, निवडणुकीत कुणासोबत जायचं यावर आपसात कडाक्याचं वाजलंय, तरी मोर्चा एकच काढायचाय. 'युनिटी' आलं तिथे मी 'एकजूट' घातलं. नवी पेठेतल्या बैठकीत एक ज्येष्ठ कॉम्रेड म्हणाले एकजूट म्हणजे सगळ्यांची एकच भूमिका, मतभेद असताना तो शब्द खोटा पडतो, 'ऐक्य' करा. मला बरोबर उलटं वाटतं.

मुठाकाठ : उलटंच आहे. ऐक्य म्हटलं की आमच्या वस्तीत रिपब्लिकन पक्षाच्या गटांचं ऐक्य आठवतं, म्हणजे गट बरखास्त करा आणि एका पक्षात या. लहानपणापासून ऐकतोय, 'ऐक्य झालं', मग 'ऐक्य फुटलं'. एकजूट लोक 'दाखवतात', 'टिकवतात', आणि टिकवावी लागते ती वेगवेगळ्या लोकांनाच ना.

जुनंग्रंथालय : जूट म्हणजे जटाजूटातला जूट, बांधलेल्या जटा. बट न् बट वेगळी राहते.

स्वच्छमराठी : जटेचा काही संबंध नाही, सरळ 'जुटणे', एकत्र येणे. आणि घरात, गावात आपण 'एकी' म्हणतो, तोच घ्या. मसुद्यातले लाईन (भूमिका), फ्रंट (आघाडी), कॉम्रेड पण काढा, पत्रक रस्त्यावरच्या माणसासाठी असतं.

मार्केटयार्ड : रस्त्यावरच्या माणसाला लाईन आणि फ्रंट दोन्ही कळतात, आमचे हमाल रोज ऐकतात. गेटवर 'कामगार एकजुटीचा विजय असो' म्हणा आणि मग 'कामगार एकीचा विजय असो' म्हणून बघा, दुसऱ्याला मूठ वर जातच नाही.

जुनंग्रंथालय : संयुक्त महाराष्ट्र समिती फेब्रुवारी १९५६ मध्ये पुण्यातच झाली. ४२ च्या लढ्यात समाजवादी एसेम (एस. एम. जोशी) भूमिगत आणि कम्युनिस्ट महायुद्धालाच 'लोकयुद्ध' म्हणत लढ्याबाहेर होते, ती जखम ओली असताना प्रसप (प्रजा समाजवादी), कम्युनिस्ट, शेकाप (शेतकरी कामगार पक्ष), शेकाफे (शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन) एका समितीत बसले आणि ५७ ची निवडणूक एकत्र लढले. कुणी आपला पक्ष मोडला नाही. त्यांनी 'संयुक्त' शब्द घेतला, ऐक्य नाही.

स्वच्छमराठी : अहो, 'संयुक्त' हे महाराष्ट्राचं विशेषण आहे, समितीचं नाही!

मुठाकाठ : विशेषण कुणाचंही असो, राज्य मिळाल्यावर प्रसप बाहेर पडला. मागणी एक होती तोवर जमलं. म्हणून म्हणतो, पत्रकात कशासाठी एकत्र ते आधी लिहा, कामगार संहिता, कंत्राटी कामगार, किमान वेतन. आणि मतभेद आहेत हे एका ओळीत उघड लिहा, लपवलं की कार्यकर्त्याला चौकात उत्तर देता येत नाही.

पर्वतीपायथा : ती ओळ मसुद्यात आहे, पण तिथे 'डेमोक्रॅटिक सेंट्रलिझम' आलंय. 'जनवादी केंद्रीयता' चालेल?

स्वच्छमराठी : जनवादी हिंदी आहे. लोकशाही म्हणा.

मार्केटयार्ड : जनवादी महिला संघटना १९८१ पासून आहे, माझी आई त्यांच्या मोर्चाला रेशनकार्ड घेऊन जायची, तिला कुणी हिंदी शिकवलं नव्हतं.

जुनंग्रंथालय : शब्दापेक्षा मुद्दा बघा. चर्चा पूर्ण मोकळी आणि ठरल्यावर सगळ्यांनी पाळायचं, हे एका पक्षाच्या आतलं तत्त्व आहे. अनेक संघटनांच्या पत्रकात ते घालूच नये, उद्या छोटी संघटना म्हणेल आमच्यावर बहुमत लादताय.

स्वच्छमराठी : आणि 'केंद्रीयता' नको, 'केंद्रीकरण'.

मुठाकाठ : केंद्रीकरण ही क्रिया झाली, इथे तत्त्व आहे, 'केंद्रवाद' का नको?