मदत हवी आहे: स्पगेटी विथ मीटबॉल्स, मटण खिम्याचे गोळे एकतर फुटतात नाहीतर दगड होतात

तासगावची_लेक:

नमस्कार सगळ्यांना, सांगलीतनं लिहितीय. जरा लांबण लागेल पण सगळं सांगितल्याशिवाय चूक कुठं होतीय ते तुम्हाला कळायचं नाही, म्हणून पूर्ण वाचा प्लीज.

पुढच्या रविवारी लेकीचा दहावा वाढदिवस आहे. दिवाळीत माझ्या नणंदबाई न्यू जर्सीहून आल्या होत्या, त्यांनी एका रात्री स्पगेटी, त्यावर खिम्याचा सॉस आणि वर मीटबॉल्स असं केलं होतं आणि तेव्हापासून पोरीचं एकच चाललंय, केक नसला तरी चालेल पण ते पाहिजे. नणंदबाईंना फोन केला तर त्या म्हणतात तिकडं बीफ आणि पोर्क अर्धं अर्धं घेतो, सॉसला बाटलीतला टोमॅटो, आणि दिवाळीत चिकन खिमा होता, मटण खिम्याचं कधी केलंच नाही. आमच्याकडं चिकन आता बंद आहे, ह्यांना सोसत नाही. म्हणजे मटणच.

दोनदा करून बघितलं. पहिल्यांदा अर्धा किलो खिमा आणला, नेहमीसारखा चाळणीत घालून नळाखाली दोन-तीन पाण्यानं धुतला, पिळला, त्यात कांदा, लसूण, कोथिंबीर, मीठ, एक अंडं घालून गोळे केले आणि उकळत्या सॉसमध्ये सोडले. दहा मिनिटांत सगळे फुटले, खिमा एकीकडं कांदा एकीकडं. सॉससाठी दीड किलो टोमॅटो कच्चेच मिक्सरला फिरवले होते, लोखंडी कढईत दोन तास आटवले, तरी इतका आंबट की दात आंबले, आणि रंग काळपट.

दुसऱ्यांदा फुटू नये म्हणून चार चमचे बेसन घातलं, दोन अंडी घातली आणि चांगला दहा मिनिटं पोळीच्या कणकेसारखा मळला. फुटले नाहीत. पण लेक चमच्यानं कापायला गेली तर गोळा ताटातनं उडाला आणि टेबलाखाली गेला. ती काही बोलली नाही, गुपचूप दोन खाल्ले आणि उठली. तिच्या त्या गप्प बसण्याचंच मला जास्त लागलं बघा.

स्पगेटी पण चिकटून गड्डा होतीय. गार पाण्यानं धुवून तेल लावून ठेवली तरी तेच, आणि सॉस वर घातला की घसरून खाली तळ्यासारखा जमतो.

आणि आमच्या आत्या, म्हणजे सासूबाई, दोन्ही वेळा म्हणाल्या की थोडा कांदालसूण मसाला घाल, त्याशिवाय मटणाचा वास जायचा नाही. त्यांचं चुकीचं नाही, त्यांच्या हाताला जी चव आहे ती मला अजून येत नाही. पण मसाला घातला की ते कोफ्त्याचा रस्सा होणार आणि पोरीला ते नकोय.

आठ पोरं आणि घरचे आम्ही चार, बारा पानं. किती काय घेऊ, गोळे मऊ कसे राहतील, आंबटपणा कसा काढू, सगळं सांगा.

हळदपेठ:

ताई, पहिल्या वेळेची चूक मला तुमच्या चाळणीत दिसतीय. धुतलेला खिमा कितीही पिळा, पाणी आत राहतंच, आणि गरम झाल्यावर ते सुटून गोळा आतनं फोडतं. आमच्या घरी पण धुतल्याशिवाय चालत नाही, म्हणून मी असं करतो, बोनलेस तुकडे घ्यायचे, घरी आणून धुवायचे, फडक्यानं कोरडे करायचे आणि मग परत नेऊन मशीनमधनं काढून आणायचे. नाहीतर मटणवाल्याला सांगायचं की तुकडे धू आणि मग खिमा कर, ओळखीचा असला तर करतो. मशीनमधनं दोनदा काढून घ्या, एकदा काढलेला जाड राहतो. रविवारी सातच्या आत जा, नंतर गर्दीत कोणी दुसऱ्यांदा मशीन फिरवत नाही.

अजून एक, बोकडाच्या खिम्यात चरबी कमी असते. किलोला दीडशे ग्रॅम चरबी खिम्यातच घालून काढायला सांगा, कोरडेपणा जाईल.

दूरदेशी_मावशी:

अगं, दुसऱ्या वेळी तू बेसन घातलंस त्यापेक्षा मळलंस ते नडलं. मीठ घालून खिमा जेवढा मळशील तेवढं त्यातलं प्रोटीन चिकट होतं आणि शिजल्यावर आवळतं. शीख कबाबाला तसंच पाहिजे असतं, सळईला धरून राहायला हवं म्हणून. मीटबॉलला नको.

ह्यावर जुना उपाय म्हणजे पाव दुधात भिजवून घालणे. कालचा लादीपाव घे, कडा असू देत, दुधात दहा मिनिटं भिजव आणि हातानं पार लगदा कर, पिळू नको. हा लगदा खिम्याच्या मधे मधे बसतो, मांस मांसाला घट्ट चिकटू देत नाही आणि दूध धरून ठेवतो. तुझ्या बारा पानांसाठी गोळ्यांना एक किलो खिमा, चार पाव, एक कप दूध, दोन अंडी, दोन सपाट छोटे चमचे मीठ, लसूण अगदी वाटलेला, मिरीपूड. कांदा घालायचा तर किसून पिळून घाल, तुकडे घातलेस की तिथनंच गोळा उकलतो. आधी पाव, अंडी, मीठ, लसूण हे सगळं एकत्र कर आणि खिमा शेवटी घालून बोटांनी फक्त मिसळ, एक मिनिट, बास. मोठ्या लिंबाएवढे केलेस की पस्तीस-छत्तीस होतील, पानाला तीन. सगळे वळायच्या आधी एक छोटा तव्यावर भाजून मीठ चाखून बघ.

उकळत्या सॉसमध्ये कच्चे सोडू नको. थोड्या तेलात सगळ्या बाजूंनी तांबूस कर, पॅनमध्ये दाटी करू नको नाहीतर पाणी सुटून ते भाजायच्या ऐवजी उकडतात. ओटीजी म्हणजे छोटा ओव्हन असेल तर २०० डिग्रीला पंधरा-वीस मिनिटं. मग सॉसमध्ये एकदम मंद आचेवर पाऊण तास, बोकडाला तेवढं लागतंच. एखाददुसरा बुडबुडा यावा एवढीच आच, आणि पहिली दहा मिनिटं चमचा घालायचा नाही, पातेलं धरून हलवायचं.

आणि मटणाचं करतीय म्हणून मनात काही आणू नको. स्पगेटीवर मोठे मीटबॉल हा प्रकार मुळात अमेरिकेत गेलेल्या इटालियन लोकांचा, १९०० च्या आसपास दक्षिण इटलीतनं खूप लोक तिकडं गेले, मांस तिथं परवडायला लागलं आणि गोळे मोठे होऊन ताटात वर आले. इटलीत पोल्पेत्ते म्हणजे गोळे बहुतेक वेगळेच वाढतात, आणि बोलोन्या शहराचा खिमा सॉस स्पगेटीवर नाही, ताल्यातेल्ले नावाच्या चपट्या पास्त्यावर असतो. ज्यांनी त्यांनी आपापल्याकडं मिळेल त्यातनं केलंय. फक्त मसाल्याच्या बाबतीत मी तुझ्या बाजूनं आहे. वासासाठी खिमा चांगला परतणं आणि लसूण पुरे, कांदालसूण मसाला गेला की टोमॅटोचा वास दबतो.

कास_पठार:

साताऱ्यातनं. सॉसचं मी सांगतो, कारण त्यात माझी दोन वर्षं गेलीत.

लोखंडी कढई आधी बाजूला ठेवा. टोमॅटोच्या आंबटपणानं लोखंड सुटतं, चव धातूची आणि रंग काळा येतो. जाड बुडाचं स्टीलचं पातेलं घ्या. आणि कच्चा टोमॅटो मिक्सरला लावू नका, बिया फुटून कडसर होतं आणि हवा मिसळून रंग फिका केशरी पडतो. टोमॅटोला चीर देऊन उकळत्या पाण्यात मिनिटभर टाका, साल काढा, चार भाग करून थोडे शिजवा आणि पुरणयंत्रातनं काढा. हो, आपलं पुरणाचं. इटलीतल्या बायका टोमॅटो काढायला जे हँडलचं यंत्र वापरतात ते हुबेहूब तेच असतं. गर खाली पडतो, बिया आणि उरलेली सालं वर राहतात, आणि मऊपणा असा येतो की मिक्सरला कधी यायचा नाही.

बारा पानांना ३ किलो टोमॅटो लागतील, लांबट आणि पार पिकलेले घ्या, त्यात पाणी कमी असतं. दोन-तीन दिवस फ्रिजबाहेर पसरून ठेवा. अर्धा किलो खिमा सॉससाठी वेगळा. आधी तीन कांदे आणि दोन गाजरं एकदम बारीक चिरून तेलात वीस मिनिटं मंद परता, घाई नको, आंबटपणा तोडायचं निम्मं काम ह्या कांदा-गाजराचं आहे. सेलरी मिळाली तर घाला, नाही मिळाली तर सोडा. मग खिमा मोठ्या आचेवर, पाणी पूर्ण आटून तळाला तांबूस थर धरेपर्यंत, तो थर थोडं पाणी घालून खरवडून घ्यायचा, चव सगळी तिथं आहे. मग गर, आणि झाकण न ठेवता दीड-दोन तास. तरी आंबट लागला तर चमचाभर साखर, आणि त्यानंही नाही भागलं तर खाण्याचा सोडा अगदी दोन बोटांच्या चिमटीत, फेस येतो आणि बसतो, जास्त घातला तर साबणासारखं लागतं. शेवटी लोण्याचा गोळा.

बेसिल म्हणून बाजारात शोधत फिरू नका, कोणाच्या परसात सब्जाचं झाड असेल तर तीच जात. तुळस नाही चालायची, वास वेगळा. ओरेगॅनोच्या जागी ओव्याचं जाड पान एखादं, वास बराच जवळचा आहे.

हा सॉस आदल्या दिवशी केला तर दुसऱ्या दिवशी जास्त चांगला लागतो.

तासगावची_लेक:

दादा, मावशी, हळदपेठ, तुमचे उपकार कसे फेडू. चाळणीचं वाचलं आणि डोक्यात लख्ख पडलं.

एकच अडचण, आदल्या दिवशी शनिवार येतो. शनिवारी आमच्याकडं मटण घरात येत नाही, आत्यांचा मारुतीचा वार, आणि तो मी मोडणार नाही. मग काय करू?

आणि एक विचारायचं होतं, माझं माहेर तासगावकडं, घरचे बेदाणे आहेत डबाभर. नणंदबाई म्हणाल्या होत्या की तिकडं काही लोक मीटबॉलमध्ये बेदाणे घालतात, ते खरं का?

मिरजमार्गे:

मी असतो तर सरळ कुकरला लावलं असतं, तीन शिट्ट्या, खिमा पण शिजला आणि गोळे पण, गॅस किती वाचतो.

कास_पठार:

मिरजमार्गे, सॉसचा खिमा आधी कुकरला दोन शिट्ट्या काढून घ्यायला हरकत नाही, पण गोळे आणि टोमॅटो नको. कुकरमध्ये पाणी आटत नाही, सॉस पातळच राहणार आणि गोळे एकमेकांवर आपटून फुटणार.

ताई, शनिवारचं सोपं आहे. कांदा, गाजर, टोमॅटो एवढाच सॉस शनिवारी करा, पाऊण आटवून फ्रिजमध्ये. रविवारी सकाळी खिमा वेगळ्या पातेल्यात परतून त्यात हा सॉस ओता. आत्यांचा वार पण राहिला आणि तुमचं सकाळचं काम पण निम्मं झालं.

दूरदेशी_मावशी:

बेदाण्याचं खरं आहे. दक्षिण इटलीतल्या सिसिलीत आणि नेपल्सकडं पोल्पेत्तेमध्ये बेदाणे आणि चिलगोजासारख्या पाइन नट्स घालतात. बेदाणे कोमट पाण्यात भिजवून, कोरडे करून, अर्धे कापून घाल, किलोला पन्नास ग्रॅम. पोरांना आवडतील का सांगता येत नाही म्हणून निम्म्याच गोळ्यांत घाल.

स्पगेटीचं राहिलंच. बारा जणांना एक किलो, पण एका वेळी अर्धाच किलो, पाच लिटर पाण्यात, दोन मोठे चमचे भरून मीठ. पाण्यात तेल घालू नको, त्याचा उपयोग नाही, पहिली दोन मिनिटं सतत हलव, चिकटते ती तेव्हाच. पाकिटावर दहा मिनिटं लिहिली असतील तर आठला काढ आणि गार पाण्यानं अजिबात धुवू नको. वरचा स्टार्च धुऊन गेला म्हणूनच तुझा सॉस घसरत होता. ते शिजवलेलं पाणी कपभर बाजूला ठेव, स्पगेटी थेट सॉसच्या पातेल्यात घाल, थोडं थोडं ते पाणी घालत दोन मिनिटं मोठ्या आचेवर परत. गोळे त्याआधी बाहेर काढून ठेव. आणि गरम गरमच वाढ, बोकडाची चरबी गार झाली की टाळूला चिकटते.

तासगावची_लेक:

बुधवारी पाव किलोची ट्रायल केली. खिमा धुतलेल्या तुकड्यांचा, दोनदा काढलेला, अर्ध्यात बेदाणे. एकही फुटला नाही. चमच्याची कड टेकवली की कापला जात होता, आत ओलसर. पुरणयंत्रातनं टोमॅटो काढताना आत्या शेजारी उभ्या होत्या, मग म्हणाल्या सरक, आणि हँडल त्यांनीच फिरवलं. मसाल्याचं नाव काढलं नाही.

एक विचारते, केक साडेसातला कापायचा, पोरं आठला जेवणार. स्पगेटी कधी टाकू?

दूरदेशी_मावशी:

गोळे-सॉस साडेसहापर्यंत तयार करून झाकून ठेव. सातला पाणी चढव, एवढ्या पाण्याला उकळी यायला वेळ लागतो. केक कापून झाला की पहिला अर्धा किलो टाक, आधी पोरांची पानं. मोठ्यांचा दुसरा घाणा त्याच पाण्यात, थोडं पाणी आणि मीठ वाढवून.

तासगावची_लेक:

झालं बरं का, रविवारी रात्री साडेअकराला लिहितीय. पोरांचा घाणा एकदम सुटा सुटा आला, सॉस धरून. मोठ्यांचा जरा जास्त शिजला, दारात पाहुणे आले त्यात दोन मिनिटं गेली. छत्तीसपैकी पाच गोळे उरले आणि पाचही बिनबेदाण्याचे. लेकीनं चार खाल्ले, आणि शेवटचा तोंडात असतानाच मला विचारलं की न्यू जर्सीच्या आत्याबाईला फोटो पाठवला का.

चिलगोजे सांगलीत कुठं मिळतात कोणाला माहीत असेल तर सांगून ठेवा, नणंदबाई मे महिन्यात येणारेत.