मदत हवी आहे: सोमवारी गौरीजेवण, २८ पानं, डाळ किती भिजवू?

घाईतली_सून (शनिवार, दुपारी २:१०)
पटकन उत्तर हवंय, संध्याकाळी वाण्याकडे जायचंय. सोमवारी २८ पानं आहेत. पुरणाला हरभऱ्याची डाळ किती घेऊ? आणि पुरण आदल्या रात्री करून ठेवलं तर चालतं का? बस, एवढंच. दरवर्षी सगळं सासूबाई बघतात, मी आपली पोळ्या लाटायला. एकदाच एकटीने पुरण केलं होतं, ते इतकं सैल झालं की वाटीत घालून चमच्याने खाल्लं. आणि हो, "बाहेरून मागवा" हे कृपया सांगू नका.

नाना_वाढपी (२:१६)
बाहेरून मागवा. पोळ्या फक्त. बाकीचं घरी करा. हल्ली घरगुती करून देणाऱ्या बायका गल्लोगल्ली आहेत, कुणाला कळतसुद्धा नाही.

जायफळ (२:२५)
२८ मध्ये मुलं किती? लाटणारे हात किती? शेगडी दोन बर्नरची की तीन? शिवाय काय काय करणार आहात? काहीच लिहिलं नाहीये तुम्ही.

घाईतली_सून (२:३१)
मोठी १९, मुलं ९. शेगडी तीन बर्नरची. नेहमीचाच स्वयंपाक हो, गौरीचा असतो तसा.

वऱ्हाडी_ठेचा (२:४०)
नेहमीचा म्हणजे कोणाचा? आमच्याकडे महालक्ष्म्यांना सोळा भाज्या लागतात, ज्वारीची आंबील लागते, कढी लागते. आणि पोळी म्हणाल तर पुरण ठासून भरलेली, वरून तुपाची धार नव्हे, तुपाची वाटीच. तुमच्याकडची ती पापडासारखी पोळी आमच्या एका माणसाला चार लागतील. पाहुण्यांत कोणी नागपूरकडचं आहे का, ते आधी सांगा.

घाईतली_सून (२:४४)
आहेत. नणंदेचं सासर अमरावतीचं. पाच जण.

वऱ्हाडी_ठेचा (२:४५)
मग दीड किलोच्या खाली उतरू नका.

कट_वाली (३:०५)
हिशेब सांगते. एक किलो डाळीला एक किलो गूळ धरला तर मध्यम आकाराच्या ३५ ते ४० पोळ्या होतात. मोठ्यांना दोन-दोन, मुलांना एक-एक धरली तर ४७. त्यात नैवेद्य, सवाष्णीचं पान आणि "डब्यात चार दे गं" म्हणणारे मिळवा. साठच्या आसपास जाईल. दीड किलो डाळ बरोबर आहे.

पुरण सैल का होतं, तर डाळीतलं पाणी नीट निथळत नाही म्हणून. दोन तास भिजवा, कुकरला हळद आणि चमचाभर तेल घालून मऊ शिजवा, मग चाळणीत अर्धा तास तशीच ठेवा. खालचा कट पातेल्यात जपून ठेवा, आमटी त्याचीच. गूळ घातला की सगळं पातळ होणार, तेव्हा घाबरून आच वाढवू नका. जाड बुडाच्या कढईत ढवळत राहा. मधोमध उभा केलेला डाव पडला नाही की झालं. गरम असतानाच पुरणयंत्रातून काढा, गार झालं तर दंड भरून येतात. चिक्कीचा गूळ आणू नका.

पाटा_वरवंटा (३:२०)
पुरणयंत्राचं पुरण आणि पाट्यावरचं पुरण यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

जायफळ (३:२२)
दीड किलो डाळ पाट्यावर? तुम्ही येताय का वाटायला?

पाटा_वरवंटा (३:२६)
आई पाच किलोचं वाटायची.

आलेपाक (३:३०)
मिक्सरमध्ये फिरवा, दहा मिनिटांत संपतं. कोणाला फरक कळत नाही. आणि निम्मी साखर घाला, रंग सुरेख येतो.

वऱ्हाडी_ठेचा (३:३३)
साखर?? गौरीला??

कोकणी_माणूस (३:५०)
आमच्याकडे आवाहनाला भाजी-भाकरी आणि पूजनाला तिखटाचा नैवेद्य. मटण-वडे. पुरणाची भानगडच नाही. नव्या सुनेचा ओवसा असेल त्या वर्षी मात्र घरात पाय ठेवायला जागा नसते.

नाना_वाढपी (३:५८)
गौरीला मटण? आमच्या हिने वाचलं तर धागा बंद करायला लावेल.

कोकणी_माणूस (४:०२)
ज्याची त्याची गौर, नाना. माहेरवाशीण आहे, तिला आवडतं ते करतो.

डब्लिनकर (४:१५)
इथे आम्ही २२ जणांचं करतो. पोळ्या महिनाभर आधी करून फ्रीजरमध्ये, प्रत्येक पोळीमध्ये बटर पेपर. एकही तुटत नाही. गौरी कधी बसतात ते पंचांग सांगतं, आमचं जेवण मात्र येणाऱ्या शनिवारी.

घाईतली_सून (४:२०)
अहो, दुसऱ्या प्रश्नाचं कोणीतरी सांगा ना! आदल्या रात्री चालतं का? वाण्याकडे जाऊन आले, दीड किलो आणली.

जायफळ (४:२४)
सोवळं आहे का घरात? मघापासून तेच विचारायचं होतं.

घाईतली_सून (४:३०)
आहे. सांगायचं राहिलं. सासूबाईंचा उजवा हात प्लास्टरमध्ये आहे, म्हणून तर मी. त्या ओट्याशेजारी खुर्ची टाकून बसणार आहेत.

कट_वाली (४:४१)
हे पहिल्या ओळीत लिहायचं हो! मग असं करा. पाव किलो डाळ बाजूला ठेवा, सोमवारी पहाटे नैवेद्यापुरतं पुरण ताजं शिजवा. उरलेल्या सव्वा किलोचं रविवारी रात्री करून, पूर्ण गार करून फ्रिजमध्ये. सकाळी बाहेर काढून हाताने मळून घ्या. पंचामृत आणि चटण्यासुद्धा रविवारीच. कणीक मात्र सोमवारी, दोन तास आधी, सैलसर आणि तेलात तिंबून. दोन तव्यांवर साठ पोळ्यांना दीड-दोन तास धरा, म्हणजे भाताला आणि आमटीला एकच बर्नर उरतो. भात आधी उरकून घ्या.

पाटा_वरवंटा (४:५०)
पंगत म्हणजे प्रसादच. देवीला ताजं आणि माणसांना शिळं, हे मला पटत नाही.

आलेपाक (४:५२)
पटवून घेऊ नका, जेवायला तुम्हाला बोलावलेलं नाही.

नाना_वाढपी (५:०५)
दुसरा सिलिंडर भरलेला आहे ना, तेवढं बघा. आमचा एकदा ऐन आरतीला संपला होता.

घाईतली_सून (रात्री ९:४०)
शेवटी धीर करून सासूबाईंनाच विचारलं. म्हणाल्या, "मी चार-पाच वर्षं रात्रीच करतेय. तुम्ही झोपलेले असता." नैवेद्याचं वेगळं, पहाटे. अगदी कट_वालीताईंनी लिहिलंय तसंच. नाना, सिलिंडर बुक केला.

घाईतली_सून (मंगळवार, सकाळी ११:१५)
झालं एकदाचं. पुरण घट्ट झालं, डाव उभा राहिला, मी फोटोही काढला. पोळ्या ५८ झाल्या, अमरावतीकरांनी त्यातल्या १९ संपवल्या. फक्त कट भांडं रिकामं करायचं म्हणून कुणीतरी सिंकमध्ये ओतला. कोणी ते लिहीत नाही, आमच्यातलंच माणूस आहे. सासूबाई खुर्चीवरून म्हणाल्या, मूठभर पुरण गरम पाण्यात घोट, गोडा मसाला आणि चिंच घाल. त्याची आमटी केली. मागून घेतली लोकांनी.

वऱ्हाडी_ठेचा (११:३०)
कढी केली असती तर हा प्रसंगच आला नसता.

डब्लिनकर (११:५२)
बटर पेपर वापरलात का?